कात्री कोणाच्या हाती? घरगुती ध्वनिमुद्रण आणि आवाजातली भाषा

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. या पट्ट्यातल्या गायकाला गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. स्टुडिओचे तासांवर मोजलेले भाडे, वादकांचे मानधन आणि परतीची शेवटची गाडी एवढे सांभाळून गाणे व्हायचे. आज तेच काम दहा बाय दहाच्या खोलीत होते. एक संगणक, एक माइक, माइकचा आवाज संगणकात नेणारी तळहाताएवढी इंटरफेसची पेटी, कानाला हेडफोन आणि भिंतीवर फोम किंवा गोधडी एवढा संसार पुरतो. १४ एप्रिलच्या आधी या खोल्यांत भीमगीते होतात, लग्नसराईच्या तोंडावर आगरी हळदीची गाणी, श्रावण सरता सरता गणपतीची आणि चेटीचंडच्या सुमाराला उल्हासनगरात झुलेलालची सिंधी गाणी.

या खोल्यांविषयी जे बोलले जाते ते बहुधा यंत्रांविषयी असते. कोणता माइक घ्यावा, किती रुपयांत काम भागेल, याची माहिती हवी तेवढी मिळते. माझे कुतूहल त्यापुढच्या टप्प्याबद्दल आहे. गायक गाऊन घरी गेला, की त्याच्या आवाजावर संपादनाची कात्री चालते. श्वास काढले जातात, खरखर पुसली जाते, स्वर सरळ केले जातात. हे करताना एक निर्णय पदोपदी घ्यावा लागतो : समोर दिसते आहे तो आवाजातला दोष आहे, की तो भाषेचाच भाग आहे? मराठी, आगरी आणि सिंधी या तीन बोलींच्या बाबतीत तर हा निर्णय फार नाजूक असतो, कारण यंत्र ज्याला कचरा समजते त्यातच कधी कधी शब्दाचा अर्थ असतो. तो कसा, हे उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कात्रीचा प्रवास

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा माइक नव्हता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर उमटायची. गाणे साधारण तीन मिनिटांत बसवावे लागे. त्यात कापाकापीला जागाच नव्हती. विलंबित किती गायचे, तान कुठे आवरायची, हे सगळे संपादन गायक आपल्या डोक्यात करून कर्ण्यासमोर उभा राही. त्या अर्थाने कात्री गायकाच्या हाती होती, जरी वेळेची मर्यादा कंपनीने घातलेली असली तरी.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे माइक आले आणि हळू गाणेही मुद्रित होऊ लागले. मग आली चुंबकीय फीत. ती ब्लेडने कापून चिकटवता येई. एका टेकमधला मुखडा आणि दुसऱ्यातला अंतरा जोडणे शक्य झाले. आता कात्री ध्वनिमुद्रकाच्या टेबलावर गेली.

१९८० च्या दशकात कॅसेटने बाजार बदलला. मोठ्या कंपनीची मक्तेदारी ढिली पडली आणि लहान कंपन्यांनी बोलींतली, जत्रांतली, चळवळींतली गाणी बाजारात आणली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचे उत्तर भारतातल्या कॅसेट-संस्कृतीवरचे १९९३ चे पुस्तक या बदलाचा मुख्य आधार मानले जाते. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते व भीमगीते आणि पुढे आनंद व मिलिंद शिंदे यांची लोकगीते कॅसेटनेच घरोघर नेली. तरी मुद्रण स्टुडिओतच होई. खोली, माइक आणि कात्री तीनही गायकाच्या गावात आली ती संगणकामुळे. म्हणूनच काय ठेवायचे आणि काय कापायचे याची जबाबदारीही आता त्या खोलीतल्या माणसांवर आली आहे. बहुतेक वेळा ते दोघेच असतात, गायक आणि माउस हाती धरलेला एक तरुण.

खोली गाते

कापण्याआधी मुद्रण होते आणि मुद्रणाआधी खोली असते. म्हणून सुरुवात तिथून करू.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. दहा फुटांची खोली म्हणजे जवळजवळ तीन मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकून घुमतात. त्यातला पहिला सेकंदाला ५७ कंपनांच्या आसपास येतो, दुसरा ११५ च्या, तिसरा १७२ च्या. आता काळी एकमध्ये गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३८ कंपनांचा असतो आणि मंद्रातला शुद्ध धैवत ११६ च्या जवळ. म्हणजे तो मंद्र धैवतावर आला की खोली त्याच्याबरोबर गाऊ लागते आणि तो एकच स्वर फुगतो. खोली चौरस असेल तर दोन्ही जोड्यांच्या भिंती एकाच स्वराला उचलून धरतात आणि फुगवटा आणखी वाढतो.

हा दुसरा घुमारा खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत जोरदार असतो आणि नेमके तिथेच माइकचा स्टँड उभा केलेला आढळतो. मध्यापासून दोन्ही दिशांना अडीच-अडीच फूट सरकले तर तो फारच कमी होतो. याला खर्च काहीच नाही. ही सरकवासरकव केली नाही, तर पुढे संपादक तो फुगलेला स्वर पाहतो, गायकाचा मंद्र बेढब आहे असे समजतो आणि आवाजातला खर्ज सरसकट कापतो. दोष भिंतींचा असतो, पण आवाजाची भरदारी गायकाच्या पदरातून जाते.

गोधडीबद्दलही असाच एक गैरसमज आहे. पातळ फोम किंवा भिंतीला चिकटवलेली गोधडी वरच्या पट्टीतले ध्वनी शोषते. खालच्या स्वरांची लहर तीन-तीन मीटर लांबीची असते, तिला दोन इंच कापूस काय अडवणार? परिणाम असा, की खोलीतली झळाळी जाते आणि घुमारा तसाच राहतो. गोधडी भिंतीपासून अर्धा फूट पुढे टांगली, कोपऱ्यात गाद्यांची वळकटी उभी केली, कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवले, तर थोडा फरक पडतो. उल्हासनगर कापडाच्या आणि फर्निचरच्या बाजारासाठी ओळखले जाते. तिथे कापडाचे गठ्ठे हे फोमच्या तक्त्यांपेक्षा स्वस्त आणि जाड असतात.

आणखी एक गोष्ट. घरगुती स्टुडिओतले बहुतेक माइक समोरचे जास्त ऐकतात आणि पाठीमागचे कमी. माइकचे तोंड गायकाकडे असते, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंत माइकला थेट दिसते. गोधडी हवी ती तिथे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा माइकच्या मागे, गायकाच्या नजरेसमोर टांगलेली असते. छायाचित्रात ती छान दिसते एवढेच.

वीतभर अंतर

माइक आणि ओठ यांत वीतभर अंतर ठेवावे असे सांगतात. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अंतर निम्मे केले तर थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आवाज होता तेवढाच राहतो. म्हणून जवळ गायले की खोली कमी ऐकू येते. मात्र फार जवळ गेले की अशा माइकमध्ये खर्ज अवास्तव वाढतो. आकाशवाणीच्या निवेदकाचा आवाज गडद वाटायचा त्यात या गुणधर्माचाही वाटा असे. उघड्या मैदानात, हजारोंच्या सभेत गाण्याची सवय असलेल्या शाहिराला वीतभर अंतर पुरत नाही. त्याने हातभर मागे उभे राहावे आणि खोली अधिक नीट करावी. त्याला हळू गायला लावणे हा उपाय नाही, कारण आवाजाचा पोतच त्या जोरातून आलेला असतो.

अंतर हे गाण्याचेही साधन आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या वेळी लता मंगेशकर माइकपासून दूर उभ्या राहून गाऊ लागल्या आणि हळूहळू माइककडे चालत आल्या, हा किस्सा प्रसिद्ध आहे. आवाज लांबून जवळ येतो आहे असा आभास त्या चालण्यातून झाला. आज तोच परिणाम संगणकात एका पट्टीने साधतात. पण लांबच्या आवाजात खोली मिसळते, व्यंजने बोथट होतात आणि खर्ज उतरतो. नुसता आवाज लहान करण्याने हे सगळे घडत नाही.

पातळीचे गणितही सोपे आहे. पूर्वी सोळा बिटांत मुद्रण होई, आता चोवीस बिटांत होते. मोठ्यात मोठ्या आणि बारीकात बारीक आवाजातले शक्य अंतर ९६ डेसिबलवरून कागदोपत्री १४४ वर गेले. त्यामुळे मीटरचा काटा लाल रेषेपर्यंत चढवण्याची गरज उरली नाही. सर्वांत मोठी किंकाळी उणे दहा-बाराला टेकेल असे ठेवले तरी बारीक श्वास नीट उमटतो. वर गेलेला आवाज मात्र फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

प्राण म्हणजे हवा

आता भाषेकडे येऊ. मराठीत अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद अर्थाचा भेद आहे. दार आणि धार, बार आणि भार, कार आणि खार, जाड आणि झाड. या जोड्यांतल्या दुसऱ्या शब्दात हवेचा एक झोत जास्त असतो. व्याकरणकारांनी त्याला ‘प्राण’ म्हटले ते किती नेमके आहे हे ध्वनीचे चित्र पडद्यावर पाहिले की कळते. ‘क’ सुटल्यावर स्वर जवळजवळ लगेच सुरू होतो. ‘ख’ सुटल्यावर आधी नुसती हवा वाहते, सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत, आणि मग स्वर येतो. पडद्यावर तो तुकडा अनियमित, केसाळ रेघांसारखा दिसतो. पंख्याचा आवाजही तसाच दिसतो, पावसाचाही तसाच.

गोंगाट पुसणारी प्रणाली कशी चालते? गायक गप्प असताना खोलीचा जो आवाज असतो त्याचा नमुना तिला द्यायचा. मग ती पूर्ण गाण्यातून त्या नमुन्यासारखे जे जे दिसेल ते कमी करत जाते. पंखा चालू ठेवून मुद्रण केले, नमुना घेतला आणि पट्टी जोरात ओढली, की पंखा जातो. त्याच्याबरोबर ‘ख’, ‘थ’, ‘छ’ यांतली हवाही बारीक होते. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांत तर हवा आणि कंठाचा नाद एकाच वेळी चालतात. त्यांतली हवा निघून गेली की नाद तेवढा उरतो, म्हणजे ‘ग’, ‘द’, ‘ब’. मराठीत याशिवाय ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’, ‘व्ह’, ‘ऱ्ह’ आहेत. म्हातारी, न्हाणी, कोल्हा, जिव्हाळा, तऱ्हा. त्यांतला प्राण इतका हळुवार असतो की पहिला बळी त्यांचाच जातो. इंग्रजीत या भेदावर अर्थ अवलंबून नाही. त्या भाषेतले गाणे जास्त पुसले तर ते थोडे निर्जीव वाटेल, शब्द बदलणार नाही. मराठीत शब्दच बदलतो.

म्हणून पंखा पुसण्यापेक्षा पंखा बंद करणे बरे. वैशाखात बदलापूरच्या पत्र्याखालच्या खोलीत हे सांगणे सोपे नाही, हे मान्य. पण तीन-चार मिनिटांचे टेक पंख्याविना आणि मध्ये पंख्यासह विश्रांती, असा क्रम ठेवता येतो. लोकलची घरघर जमिनीतून स्टँडमध्ये चढते. स्टँडखाली जाड रबर किंवा घडी केलेली सतरंजी ठेवली तर ती बरीच थांबते. कुकरच्या शिट्टीला मात्र थांबणे हाच उपाय. ज्या ओळीवर शिट्टी पडली ती ओळ पुन्हा गावी.

‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा झोत माइकवर आदळला की धप्प असा आवाज होतो. भरतकामाच्या रिंगवर ताणलेले पातळ नायलॉन ओठांपासून चार बोटांवर धरले आणि माइक ओठांच्या रेषेऐवजी नाकाच्या उंचीवर ठेवला, की झोत खालून निघून जातो. अक्षर शाबूत राहते. हेच काम मागाहून संगणकात केले तर धप्प आणि ‘भ’ यांची गुंतागुंत सोडवावी लागते.

‘च’ आणि ‘ज’ यांचीही अशीच कथा आहे. जग म्हणजे विश्व आणि जग म्हणजे जगण्याची आज्ञा. लिहिताना एकच, बोलताना दोन. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मागे. दातांमागच्या उच्चारात सळसळ अधिक वरच्या पट्टीत जाते. डी-एसर नावाचे साधन ‘स’ची टोचणारी सळसळ दाबण्यासाठी असते आणि त्याचा रोख सेकंदाला पाच ते आठ हजार कंपनांच्या पट्टीवर असतो. पट्टी जोरात ओढली की ‘चारा’तला ‘च’ ‘चार’मधल्या ‘च’कडे झुकतो. ऐकणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही. गाणारा मराठी नसावा, एवढेच मनात येते.

आत जाणारी हवा

उल्हासनगर हे मुळात युद्धकाळातल्या कल्याणच्या लष्करी छावण्यांवर वसलेले शहर. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित या छावण्यांत राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. या शहराची भाषा, सिंधी, ध्वनींच्या दृष्टीने फार वेगळी आहे.

सिंधीत ग, ज, ड, ब यांच्या जोडीला आणखी चार व्यंजने आहेत. देवनागरीत लिहिताना ती अक्षराखाली रेघ देऊन लिहितात : ॻ, ॼ, ॾ, ॿ. ही उच्चारताना कंठ खाली ओढला जातो, तोंडातली हवा विरळ होते आणि ओठ किंवा जीभ सुटताच हवा बाहेर येण्याऐवजी किंचित आत जाते. ‘बारु’ म्हणजे ओझे आणि ‘ॿारु’ म्हणजे मूल. अंगाईत या दोहोंची गल्लत झाली तर काय होईल ते सांगायला नको.

या व्यंजनांत झोताचा धमाका नसतो. ओळख पटते ती ओठ उघडण्याआधीच्या गुणगुणीवरून. ओठ बंद असतानाच कंठातून खालच्या पट्टीतला नाद सुरू होतो आणि तो वाढत वाढत जातो. ही गुणगुण बारीक असते आणि खर्जात असते. आता संपादनाच्या तीन नेहमीच्या सवयी पाहा. पहिली, नॉइज गेट. हे दार आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की उघडते, म्हणजे गुणगुण संपून स्वर सुरू झाल्यावर. दुसरी, लो-कट. घुमारा आणि गाडीची घरघर घालवण्यासाठी खालची पट्टी कापतात. ती सेकंदाला दीडशे-दोनशे कंपनांपर्यंत वर नेली तर पुरुषी आवाजातली ही गुणगुण तिच्याबरोबर जाते. तिसरी, डोळ्यांनी कापणे. पडद्यावर जिथे आवाजाचा डोंगर सुरू होताना दिसतो तिथेच कात्री लावली जाते आणि डोंगरापुढची बारीक टेकडी बाहेर पडते. तीनही सवयींचा परिणाम एकच, ‘ॿ’चा ‘ब’ होतो.

शब्दाच्या शेवटीही धोका आहे. सिंधी नाम पुष्कळदा ऱ्हस्व स्वरात संपते. ‘घरु’ म्हणजे एक घर, ‘घर’ शेवटच्या ‘अ’सह उच्चारले की अनेक घरे. एकवचन-अनेकवचनाचा भेद त्या निसटत्या शेवटच्या स्वरात असतो. ओळीची शेपटी स्वच्छ दिसावी म्हणून तिथे घाईने आवाज मिटवला, की वचनच जाते. उल्हासनगरातली नवी पिढी इंग्रजी, हिंदी किंवा मराठी माध्यमात शिकते. तिच्या कानावर सिंधी पडते ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आणि गाण्यांतून. गाण्यात ‘ॿ’ नसेल तर तो शिकायचा कुठून?

अंबरनाथ-बदलापूरच्या गावांतल्या आगरी बोलीबाबत प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. तिथे होडीची होरी होते, पाण्याचे पानी होते. संपादनाला बसलेला तरुण पुष्कळदा शाळेत प्रमाण मराठी शिकलेला असतो आणि ‘ताई, ही ओळ पुन्हा घ्या ना, होडी नीट येत नाहीये’ असे म्हणतो. ताई मुकाट्याने पुन्हा गाते. इथे यंत्राने काहीच कापले नाही. कापले ते शाळेच्या कानाने. ‘ड’च्या जागी येणारा हा ‘र’ जिभेच्या एका निसटत्या टिचकीचा असतो आणि ढोलकीच्या बोलाशी तो फार सुरेख जमतो. अशी ओळ ‘दुरुस्त’ केली की चालीतही थोडा अडथळा येतो.

सरळ केलेले स्वर

१९९७ मध्ये ऑटो-ट्यून हे स्वर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर बाजारात आले. त्याचे कर्ते अँडी हिल्डेब्रँड हे त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या विश्लेषणावर काम करत. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या गाण्यात त्याचा मुद्दाम ठसठशीत वापर झाला आणि ती एक शैलीच बनली. आज घरगुती स्टुडिओत स्वर सरळ करणे ही इस्त्रीसारखी नित्याची गोष्ट आहे.

हे साधन गायलेला स्वर मोजते आणि जवळच्या पियानोच्या पट्टीवर नेऊन बसवते. सप्तकाचे समान बारा भाग, प्रत्येक भागाला शंभर सेंट. आता तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप निघणारा गांधार पाहा. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पियानोचा गांधार ४०० वर. फरक चौदा सेंटचा. कानाला तो किती? काळी एकच्या तानपुऱ्यावर पियानोचा गांधार लावला, तर तारेतल्या गांधाराशी त्याचे सेकंदाला साधारण साडेपाच हेलकावे होतात. गायकाने बरोबर लावलेला स्वर यंत्राने ‘दुरुस्त’ केल्यावर थरथरू लागतो तो असा.

हा वाद आपल्याला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुतींची हार्मोनियम घडवण्याचा खटाटोप केला. बांधलेल्या स्वरांच्या हार्मोनियमला आकाशवाणीवर १९४० पासून अनेक वर्षे बंदी होती. फरक इतकाच, की हार्मोनियम गायकाच्या शेजारी बसे आणि आजचे साधन त्याच्या गळ्यात बसते.

मींड आणि आंदोलन यांची अवस्था आणखी बिकट होते. मींडेत दोन स्वरांमधली वाट हेच गाणे असते. यंत्राला वाट कळत नाही, त्याला मुक्काम कळतात. ते मींडेचे जिन्यासारखे टप्पे पाडते. ओवी, गोंधळ, भीमगीतातला आलाप या सगळ्यांत स्वराला खालून उचलून वर नेण्याची पद्धत आहे. ती उचल यंत्राला बेसूर वाटते.

याचा अर्थ हे साधन टाकून द्यावे असा नाही. साथीला कीबोर्ड किंवा हार्मोनियम असेल तर पियानोचा गांधार योग्यच आहे. दुरुस्तीचा वेग मंद ठेवता येतो, म्हणजे लांब धरलेला स्वर तेवढा सावरला जातो आणि हरकत सुटते. संपूर्ण गाण्यावर साधन लावण्याऐवजी ज्या दोन स्वरांवर गायक खरोखर घसरला आहे तेवढेच हाताने सावरता येतात. तेही डोळे मिटून ऐकल्यावर. पडद्यावरची रेघ वाकडी दिसते म्हणून कानाला चांगला लागलेला स्वर कोणी बदलू नये.

श्वास आणि जाते

श्वासांचे काय करावे, हा रोजचा प्रश्न. कॉम्प्रेसर लहान आवाज वर उचलतो, त्यामुळे मुळात बारीक असलेले श्वासही मोठे होतात आणि मग ते खटकतात. सगळे श्वास कापले की गायक पाण्याखाली गातो आहे असे वाटते. चांगली वाट मधली. श्वास निम्म्याने कमी करावा, जागा तीच ठेवावी. पोवाड्यात दोन चरणांमधला भरलेला श्वास हा पुढच्या ललकारीची चाहूल असतो.

गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईचा श्वास जात्याच्या फेऱ्याशी बांधलेला असतो. अशी ओवी आज बदलापूरच्या खोलीत, पडद्यावर रेघा बघत स्वच्छ करायला घेतली, तर जात्याची घरघर पहिल्या झटक्यात पुसली जाईल, कारण ती सतत चालू असते आणि गोंगाटासारखीच दिसते. उरलेल्या आवाजात बाई मध्येच का थांबते आणि ओळ अचानक का ताणते, याचे कारण कोणालाच कळणार नाही.

मूळ प्रत

सगळ्याच संपादनाला नाके मुरडण्यात अर्थ नाही. वाईट खोलीतले, शेजारच्या टीव्हीने बिघडवलेले गाणे संपादनामुळेच ऐकण्यासारखे होते आणि गरीब गायकाला त्यातून चार कार्यक्रम मिळतात. प्रश्न एवढाच, की निर्णय कोण घेतो आणि तो मागे फिरवता येतो का.

त्यासाठी दोन साध्या गोष्टी पुरतात. एक, संपादन झाल्यावर गायकाला, आणि गाणे बोलीतले असेल तर ती बोली बोलणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला, साथ बंद करून नुसता आवाज ऐकवावा. शब्द कळतो का, एवढेच विचारावे. ‘ॿारु’ ऐकू आले की ‘बारु’, हे उल्हासनगरातली कुठलीही आजी क्षणात सांगेल.

दोन, कात्री लागण्याआधीचा आवाज जपावा. चोवीस बिटांत आणि सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी मुद्रित केलेला एकेरी आवाज मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडी वर जागा घेतो. पाच मिनिटांचे गाणे ४३-४४ एमबीत मावते. लग्नातल्या छायाचित्रांना याहून कितीतरी जास्त जागा लागते. तरीही काम संपले की मूळ टेक पुसून टाकण्याची चाल आहे, कारण पुढच्या गाण्याला जागा हवी असते. गायकाने पैसे देताना तयार गाण्याबरोबर ही मूळ प्रतही मागून घ्यावी. फाइलच्या नावात गाणाऱ्याचे नाव, गाव, बोली आणि तारीख लिहावी. १९०२ च्या गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव पुकारत, ते तबकड्या हॅनोव्हरला पोहोचल्यावर तिथल्या माणसांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून, असे सांगतात. आजच्या गायकाने टेकच्या आरंभी आपले नाव आणि गाव आपल्या बोलीत उच्चारले, तर पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला गाण्याइतकाच त्या दोन शब्दांचाही उपयोग होईल.